काम काय काढलंस?

कुठे निघालीस? कुणाबरोबर? काम काय आहे? आणि येणार कधी?

घरातून बाहेर पडताना हे चार प्रश्न ज्यांना कधीच कुणी विचारले नाहीत, त्यांनी हात वर करा. मुलांचे थोडेफार हात वर होतील. मुलींचे शोधावे लागतील. या चारांपैकी तीन प्रश्नांची उत्तरं कशीबशी देता येतात. जागा सांगता येते, मैत्रिणीचं नाव सांगता येतं, वेळही सांगता येते. अडतं ते तिसऱ्या प्रश्नावर. ‘काम काय?’ याला ‘काही नाही, नुसतं भटकणार आहे, एकटीच’ असं उत्तर एकदा देऊन पाहा. आधी सगळे तुमच्याकडे बघतील, मग एकमेकांकडे बघतील आणि त्यानंतर जे सुरू होईल ते रात्रीच्या जेवणापर्यंत पुरेल.

आज बोलायचंय ते याच उत्तराबद्दल. एक दिवस, एक मोठं शहर, आपण एकटे आणि हातात काहीही काम नाही. फक्त चालायचं. ऐकायला अगदी साधं वाटतं. पण आपल्यापैकी किती जणांनी हे खरंच केलंय?

मुंबईचंच घ्या. महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्ह्यातून रोज पोरंपोरी मुंबईत उतरतात. कुणाची परीक्षा असते, कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाची कागदपत्रांची पडताळणी. नांदेडहून, जळगावहून, कोल्हापुरातून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी स्टेशनवर तोंड धुवायचं, सेंटरवर जायचं, पेपर द्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. घरी आल्यावर कुणी विचारलं, ‘मुंबई कशी वाटली?’ तर उत्तर ठरलेलं, ‘जाम गर्दी आहे राव!’ बस्स. त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नसतं, कारण पाहिलेलंच नसतं. पाहिलेला असतो एक प्लॅटफॉर्म, एक लोकल आणि एक बाक.

बरं, मुंबईत राहणाऱ्यांचं तरी काय वेगळं आहे? डोंबिवलीहून रोज सीएसएमटीला येणारी, स्टेशनबाहेर पडून उजवीकडेच वळणारी आणि दहा वर्षांत एकदाही डावीकडे न वळलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत. मोबाइलच्या नकाशावर निळा ठिपका सरकत राहतो, आपण त्याच्यामागे जातो. पोचायची जागा तेवढी कळते. मधलं शहर राहून जातं.

तसं पाहिलं तर पायी चालणं आपल्याला नवं नाही. आळंदीहून पंढरपूरला पायी जाणाऱ्यांचा हा मुलुख. सुट्टी मिळाली की आपण सॅक उचलून गड चढतो, चार-चार तास चालतो आणि वर जाऊन पिठलं-भाकरी हाणतो. मुंबईबद्दलचं मराठीतलं पहिलं पुस्तकही गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली लिहिलं. ‘मुंबईचे वर्णन’ हे त्याचं नाव. शहर बघायचं, त्यातली माणसं, बाजार, रस्ते नोंदवायचे, ही सवय आपल्याकडे दीडशे वर्षांपेक्षा जुनी आहे. मग गड चालून बघणारे आपण शहर चालून का बघत नाही?

चला, निघू

समजा, तुमच्याकडे मुंबईतला एक मोकळा दिवस आहे. सकाळी लवकर सीएसएमटीला उतरलात. घाईने सबवेत शिरू नका. आधी रस्त्याच्या पलीकडे जा आणि ज्या इमारतीतून बाहेर आलात तिच्याकडे मागे वळून बघा. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स या वास्तुविशारदाने आराखडा केलेली ही इमारत २००४ साली जागतिक वारशात गेली. तिच्या दगडांवर माकडं आहेत, मोर आहेत, पानंफुलं आहेत. प्रवेशद्वारावर एका बाजूला सिंह आहे आणि दुसऱ्या बाजूला वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. आणि या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. म्हणजे तुमच्या-माझ्या वयाच्या पोरांनी घडवलेली माकडं सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोकल पकडायला पळणाऱ्यांकडे वरून बघतायत!

तिथून दादाभाई नौरोजी रस्ता धरायचा. या रस्त्यावरच्या जुन्या इमारतींच्या तळमजल्याला कमानी आहेत आणि कमानींखालून झाकलेली वाट जाते. वर ऊन असो की पाऊस, खालून चालणारा माणूस वाचतो. शहर बांधताना कुणीतरी चालणाऱ्याचा विचार केला होता, याचा हा दगडी पुरावा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दहा-पंधरा मिनिटांत हुतात्मा चौक. १८६४ सालचं फ्लोरा फाउंटन इथेच आहे आणि त्याच्याजवळ हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्रासाठी निघालेल्या मोर्चावर इथेच गोळीबार झाला होता. शाळेच्या पुस्तकात हे सगळं एका परिच्छेदात संपतं. इथे उभं राहिलं की कळतं, केवढीशी ही जागा आणि किती बाजूंनी इथे रस्ते येतात. त्या दिवशी माणसं कुठून आली असतील, कुठे पळाली असतील, हे आपोआप डोळ्यांपुढे येतं. इतिहासाचा हा तास कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही.

जवळच फोर्टात सिद्धार्थ कॉलेज आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९४६ साली सुरू केलेलं. त्याच्या दारात आजही पाठीवर सॅक घेतलेली पोरंपोरी घोळक्याने उभी असतात.

तिथून हॉर्निमन सर्कल. बेंजामिन हॉर्निमन हा ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा इंग्रज संपादक. १९१९ मध्ये पंजाबातल्या अत्याचारांवर सरकारला झोडपलं म्हणून ब्रिटिशांनी त्याला थेट मायदेशी पाठवून दिलं. त्याच्या नावाच्या बागेत दुपारी ऑफिसातली माणसं डबा खातात. समोर १८३३ सालचा टाउन हॉल, म्हणजे आपलं एशियाटिक. सिनेमात शंभरदा पाहिलेल्या त्या पांढऱ्या पायऱ्या याच. आत दुर्गाबाई भागवत वर्षानुवर्षं वाचत बसायच्या. बाहेर पायऱ्यांवर कोण बसतं? परीक्षेचा अभ्यास करणारे, भांडून आलेले, प्रेमात पडलेले, नोकरी शोधून दमलेले. तुम्हीही बसा. शहरात आल्या आल्या मनात जो एक आवाज सुरू होतो ना, की ‘एवढ्या मोठ्या इमारती, आपलं इथे काय?’, तो या पायऱ्यांवर थोडा कमी होतो. कारण तिथे बसलेल्या कुणालाच तुमच्याशी घेणंदेणं नसतं. गावात हे सुख नाही.

मग काळा घोडा. मूळचा घोडा सातव्या एडवर्ड राजाचा. १९६५ मध्ये तो पुतळा हलवून राणीच्या बागेत नेला. घोडा गेला तरी नाव राहिलं. २०१७ साली तिथे पुन्हा एक काळा घोडा बसवला, पण स्वाराशिवाय. तोही एकटाच! समोर जहांगीर आर्ट गॅलरी आहे. आत जायला तिकीट लागत नाही. चित्रातलं काही कळत नाही म्हणून दारातून परत फिरू नका. कळलं नाही तर पुढच्या चित्रापाशी जायचं. एकट्याने येण्याचा हाच तर फायदा! कुणापुढे कळल्यासारखा चेहरा करायला लागत नाही.

ओव्हल मैदानाच्या मधोमध उभं राहिलात तर एका बाजूला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, उच्च न्यायालय अशा टोकदार कमानींच्या गॉथिक इमारती, आणि दुसऱ्या बाजूला गोलसर गच्च्यांची आर्ट डेको घरं. दोन जमाने समोरासमोर आणि मधे क्रिकेट. २०१८ मध्ये हा सगळा परिसर जागतिक वारसा झाला. बॅट घेतलेल्या पोरांना त्याचं सोयरसुतक नसतं, आणि तेच बरं आहे.

तिथून क्रॉस मैदान, आणि पुढे आझाद मैदान. हे मैदान नीट बघा. फेब्रुवारी १९८८ मध्ये चौदा वर्षांचा सचिन आणि सोळा वर्षांचा विनोद कांबळी यांनी शाळेच्या मॅचमध्ये ६६४ धावांची भागीदारी केली, ती इथे. आणि मार्च २०१८ मध्ये नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर पायी चालत आलेले हजारो शेतकरी बसले, तेही इथेच. त्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांना सेंटरवर पोचायला त्रास होऊ नये म्हणून पायाला फोड आलेल्या त्या माणसांनी शेवटचा टप्पा रात्रीच चालून काढला. मुंबईत पायी चालण्याची गोष्ट सांगायची, तर या रात्रीशिवाय ती पुरी होत नाही.

भूक लागली? धोबी तलावाजवळ इराणी आहेत. बनमस्का, चहा. एकट्याने हॉटेलात बसायचं म्हणजे अनेकांना घाम फुटतो. सगळे आपल्याकडेच बघतायत असं वाटतं. पहिली पाच मिनिटं मोबाइल काढू नका. सहाव्या मिनिटाला लक्षात येतं, कुणीच बघत नाहीये. बनमस्का मात्र गार होतोय.

मग गिरगाव. जगन्नाथ शंकरशेठ रस्त्याने निघा आणि मन होईल त्या गल्लीत वळा. चाळीच्या गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे, वडे तळल्याचा वास. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो. खोताच्या वाडीत जुनी लाकडी घरं, बाहेर जिने, व्हरांडे. आसपास टॉवर उभे राहिलेत आणि मधे ही वाडी तग धरून आहे. एक सांभाळा, ही माणसांची राहती घरं आहेत. कुणाच्या खिडकीत कॅमेरा घालू नका. ओट्यावर आजी बसल्या असतील तर आधी नमस्कार, मग बोलणं. ‘कुठनं आलास रे बाळा?’ एवढा प्रश्न त्यांनी विचारला, की समजा पुढचा अर्धा तास गेला.

शेवटी चौपाटी. १९२० साली लोकमान्यांना इथेच निरोप दिला गेला, त्यांचा पुतळा आहे. आणि तिथून मरीन ड्राइव्हच्या कठड्याने, सूर्य बुडत असताना, चालत चर्चगेट.

सगळं मिळून दहाएक किलोमीटर. खर्च किती? चहा, बनमस्का, भेळ आणि पाण्याची बाटली.

पण एकट्यानेच का?

ग्रुपने गेलं तर मजा येत नाही का? येते की. पण ग्रुपमध्ये आपण शहर बघत नाही, एकमेकांना बघतो. कुठे खायचं यावर अर्धा तास जातो, फोटोंमध्ये एक तास. कुणाला तरी कंटाळा येतो आणि सगळे परत फिरतात.

एकटं चाललं की दिवसभर छोटे-छोटे निर्णय आपल्यालाच घ्यावे लागतात. डावीकडे की उजवीकडे, थांबायचं की पुढे जायचं, याला रस्ता विचारायचा की त्याला? आपल्यातल्या कित्येकांनी अजून शाखा कुठली घ्यायची हे स्वतः ठरवलेलं नसतं. कॉलेज काकांनी सुचवलेलं, क्लास मित्राने लावलेला, मोबाइलसुद्धा दादाने निवडलेला. अशा माणसाला दिवसभरात पन्नास वेळा ‘आता मला काय हवंय?’ असं स्वतःला विचारायला लागणं, ही भलतीच मोठी गोष्ट आहे. वाट चुकली तर चुकली. कुणी ओरडणार नाही. चुकलेल्या वाटेवरून परत यायला जमलं, की पुढच्या वेळी अनोळखी शहरातल्या नोकरीचं, हॉस्टेलचं, परक्या भाषेचं टेन्शन थोडं कमी होतं. व्यक्तिमत्त्व विकासाचे क्लास हेच शिकवतो म्हणून फी घेतात!

आणि कंटाळा येईल, हेही सांगून ठेवतो. दुपारी तीनच्या सुमाराला पाय दुखतील, घाम येईल, ‘कशाला आलो उगाच’ असं वाटेल. वाटू द्या. अर्धा तास सावलीत बसा. त्या अर्ध्या तासात डोक्यात जे काही येतं, ते रोजच्या धबडग्यात येत नाही.

भटकभवानी

आता थोडं अवघड बोलू. वरचा सगळा मार्ग वाचताना मुलींच्या मनात एक वेगळाच हिशेब चालू असेल. गर्दी कुठे असेल, बाथरूम कुठे असेल, अंधार किती वाजता पडतो, कपडे काय घालायचे? मुलांनी तो हिशेब केलाच नसेल. फरक इथून सुरू होतो.

आपली भाषाच बघा ना! मुलगा भटकला तर तो ‘भटक्या’. हल्ली तर ते कौतुकाने म्हणतात, इन्स्टाच्या बायोमध्ये लिहितात. मुलगी भटकली तर ती ‘भटकभवानी’. मुलाच्या उनाडक्या म्हणजे वयाचा दोष. मुलगी मात्र ‘उंडारायला’ जाते. शब्दांनीच फाटक लावून ठेवलंय.

शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी मुंबईतल्याच बायकांच्या वावराचा अभ्यास करून २०११ साली ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. मुंबईला बायकांसाठी बरं शहर म्हणतात, बायका रात्री उशिरापर्यंत लोकलने फिरतात, हे खरं. पण प्रत्येकीला आपण कामासाठीच बाहेर आहोत हे सतत दाखवत राहावं लागतं. हातात फाइल, खांद्याला पर्स, कानाला फोन, पावलं भराभर. टपरीवर चहा पीत, कठड्याला टेकून, काहीच न करता उभा असलेला पुरुष पावलोपावली दिसतो. तशी बाई शोधून दाखवा. म्हणजे मुलींना शहर वापरायला दिलंय, पण रमायला नाही.

आई-बाबांची भीती खोटी आहे असं कुणीच म्हणणार नाही. रोज पेपर वाचणाऱ्या माणसाला भीती वाटणारच. पण भीतीच्या हिशेबात एक रकाना कायम रिकामा राहतो. गेली तर काय होईल, हे सगळे मोजतात. कधीच गेली नाही तर काय होईल? ते कुणी मोजत नाही. जी मुलगी बाविसाव्या वर्षापर्यंत एकटी कधी स्टेशनबाहेर पडली नाही, तिला तेविसाव्या वर्षी दुसऱ्या शहरात नोकरी लागते, तेव्हा तिच्या आधी घरचेच गळून जातात आणि ती नोकरी सुटते. हे नुकसान पेपरात छापून येत नाही. म्हणून ते झालंच नाही असं नाही.

मग करायचं काय? लढाई पुकारून घर सोडायची गरज नाही. सुरुवात लहान करा. आपल्याच शहरात दोन तास, दिवसाउजेडी. मग अर्धा दिवस, मग पूर्ण दिवस. बरोबर पाणी आणि चार्ज असलेला फोन. पैसे दोन ठिकाणी ठेवायचे. लोकेशन घरी पाठवा, पण दर दहा मिनिटांनी फोन करायचा नाही, हे आधीच ठरवून घ्या. आणि पोटातून वाटलं की ही गल्ली नको, तर नको. मागे फिरण्यात कसलाही कमीपणा नाही. हे मुलांनाही लागू.

मुलांसाठी आणखी एक. बहीण ‘नुसतं भटकून येते’ म्हणाली, तर ‘मी येतो सोबत’ म्हणायची घाई करू नका. आईने तिला विचारलेला ‘काम काय?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जात नाही, एवढं आईच्या लक्षात आणून दिलंत तरी पुष्कळ झालं. आणि रस्त्यात एकटी चाललेली मुलगी दिसली, तर तिच्याकडे बघत राहू नका. तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. आपल्याला जसं कुणी बघत नाही हे सुख मिळतं, तसं तिलाही मिळू द्या.

फूटपाथ कुणाचा?

पण सगळा भार चालणाऱ्यावरच टाकायचा का? शहराने काहीच करायचं नाही?

मुंबई महानगर प्रदेशाचा सर्वंकष वाहतूक अभ्यास २००८ साली झाला. रोजच्या एकूण फेऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास फेऱ्या लोक पायी करतात, असं त्यात दिसलं होतं. म्हणजे या महानगरातलं सगळ्यात मोठं वाहन कुठलं, तर पाय! आणि आपण बांधतो काय? उड्डाणपूल. चालणाऱ्यासाठी त्याच २००८ साली वांद्रे पूर्वेपासून स्कायवॉक सुरू झाले. म्हणजे गाड्यांना खालचा सपाट रस्ता आणि चालणाऱ्याने जिने चढून वर जायचं. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या त्या कमानी आठवतायत? तेव्हा जे सुचलं, ते आज का सुचत नाही?

फूटपाथवर चालण्याची मोकळी जागा किमान १.८ मीटर हवी, असं इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सांगतात. दोन माणसं समोरासमोरून आरामात जातील एवढी. टेप घेऊन आपल्या गावातला एक फूटपाथ मोजून बघा. आधी फूटपाथ शोधावा लागेल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगितलंय, की चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा राज्यघटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. जगण्याचा हक्क! आणि आपण त्यावर बाइक लावतो.

बाथरूमचं तर विचारूच नका. मुतारीसाठी पुरुषांना पैसे पडत नाहीत आणि बायकांकडून घेतले जातात, या साध्या अन्यायावर बोट ठेवून २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ची चळवळ उभी राहिली. बाहेर पडायचं म्हणून सकाळपासून पाणीच न पिणारी मुलगी कुठलं शहर बघणार? तिचं निम्मं लक्ष पोटाकडे.

आणि एक सोपं उत्तर हमखास पुढे येतं. मुलींना सुरक्षित वाटावं म्हणून फेरीवाले हटवा, कट्ट्यावर बसणारी पोरं हाकला, बागेला कुलूप लावा. थांबा जरा! रात्री नऊला ज्या रस्त्यावर भुट्टेवाला आहे, चहाची टपरी आहे, कट्ट्यावर म्हातारे बसलेत, त्या रस्त्याने जाताना बरं वाटतं की उंच भिंती आणि बंद गेटं असलेल्या सुनसान रस्त्याने? ज्याच्यापाशी रिकामा वेळ आहे तो प्रत्येक जण गुन्हेगार नसतो. ‘काम काय?’ हा प्रश्न मुलीला टोचतो, तसा तो साध्या कपड्यातल्या, खेड्यातून आलेल्या, चकाचक मॉलच्या दारात वॉचमनने अडवलेल्या मुलालाही टोचतो. एकाला हाकलून दुसरीसाठी जागा करता येत नाही. कठडा सगळ्यांचा असेल, तरच तो तिचा होईल.

बाकं मागा, सावली मागा, दिवे मागा, स्वच्छ आणि फुकट स्वच्छतागृहं मागा. पालिका निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारा, की बाबा रे, मला या वॉर्डाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न अडखळता चालता येईल का? पण हे सगळं मिळेपर्यंत घरात बसून राहू नका. चालणारी माणसं रस्त्यावर दिसली, तरच चालणाऱ्यांसाठी रस्ता होतो. रस्त्यावर बायका दिसल्या, तरच आणखी बायका येतात.

मुंबईच पाहिजे असं नाही. पुण्यातल्या पेठा आहेत, नागपूरचं महाल-इतवारी आहे, औरंगपुऱ्यापासून पाणचक्कीपर्यंतचं छत्रपती संभाजीनगर आहे, सोलापूरच्या गल्ल्या आहेत. जे जवळ असेल ते.

आणि मुंबईला परीक्षेसाठी येणार असाल, तर परतीचं तिकीट संध्याकाळचं न काढता दुसऱ्या दिवशी रात्रीचं काढा. मधला दिवस पुस्तकं बॅगेत ठेवा, बॅग ओळखीच्यांकडे किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा आणि मोकळ्या हातांनी बाहेर पडा. पेपर कसा गेला, हे निकालात कळेलच. शहर कसं आहे, ते मात्र त्या दिवशी तुमचं तुम्हालाच कळेल. घरी कुणी विचारलं, ‘एक दिवस जास्त का राहिलीस? काम काय होतं?’, तर नजर चुकवू नका. पाय चेपत चेपत खरं काय ते सांगा. म्हणावं, भटकत होते.